फ्रेंच वाइनची अमेरिकन मुळे

फ्रान्समधल्या जुन्या, नामांकित तांबड्या वाइनच्या बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव बहुधा सापडत नाही. तिथे असते ते गावाचे, फार तर एखाद्या मळ्याचे नाव. बोर्डोच्या वायव्येला जिरोंद नदीच्या काठाने पसरलेला खडेगोट्यांच्या जमिनीचा मेदोक भाग, बर्गंडीतली चुनखडीच्या टेकड्यांची चिंचोळी पट्टी, तिच्या दक्षिणेचे बोजोले, ऱ्होन नदीचे खोरे, आणि भूमध्य समुद्राकाठचा लांगदोक ही या वाइनची परंपरागत घरे. द्राक्षे अर्थात ठरलेली आहेत. बोर्डोत काबर्ने सोव्हिन्याँ आणि मेर्लो, बर्गंडीत पिनो न्वार, बोजोलेत गामे, ऱ्होनच्या खोऱ्यात उत्तरेला सिरा तर दक्षिणेला ग्रनाश. पण फ्रेंच माणसाला विचाराल तर तो म्हणेल, चव द्राक्षाची नव्हे, जागेची. माती, उतार, ऊन, पाऊस या सगळ्यांना मिळून त्याच्याकडे एक शब्द आहे, ‘तेरुआर’. वेल आपल्या मुळांनी त्या मातीचे सत्त्व शोषून घेते आणि ते वाइनमध्ये उतरते, अशी ही श्रद्धा आहे.

(जाता जाता, वाइनचा तांबडा रंग रसाचा नसतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रसही पांढुरकाच असतो. साल आणि रस एकत्र आंबवले की सालीतली अँथोसायनिन ही रंगद्रव्ये आणि टॅनिन रसात उतरतात. साल आधीच काढून टाकली तर त्याच काळ्या द्राक्षाची पांढरी वाइन होते. शॅम्पेन प्रांतात पिनो न्वारपासून पांढरी वाइन करतात ती अशीच.)

या श्रद्धेत एक मोठी अडचण आहे. ज्या वेलीवर ही द्राक्षे येतात, ती फ्रेंच वेल त्या मातीला जवळजवळ कुठेच स्पर्श करत नाही. मातीत असतात ती अमेरिकन किंवा अमेरिकन संकराच्या वेलीची मुळे. फ्रेंच वेल त्यांवर कलम केलेली असते, आणि कलमाचा जोड मुद्दाम जमिनीच्या वर ठेवतात. बोर्डो असो, बर्गंडी असो की बोजोले, थोडे अपवाद सोडले तर सगळीकडे हेच. हे असे का झाले, त्याची हकिकत सांगण्याचा येथे विचार आहे. मद्यावरचा लेख शिक्षकांच्या मासिकात कशासाठी, असे कोणाला वाटेल. पण ‘कारण’ आणि ‘परिणाम’ यांत गल्लत झाली की केवढा अनर्थ होतो, हे वर्गात सांगायला इतके चांगले उदाहरण मला तरी दुसरे आढळलेले नाही.

हकिकत सुरू होते ती एका बुरशीपासून. आपले द्राक्ष बागायतदार जिला ‘भुरी’ म्हणतात, ती बुरशी १८४५ साली इंग्लंडमधल्या एका काचघरात प्रथम दिसली. काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली. १८५४ साली तिथले वाइनचे उत्पादन नेहमीच्या पाव हिश्श्याच्या आसपास येऊन ठेपले. गंधकाची पूड उडवली की भुरी आटोक्यात येते हे लवकरच कळले, आणि संकट टळले. पण दरम्यान एक गोष्ट हौशी बागायतदारांच्या ध्यानात आली होती. इझाबेलासारख्या काही अमेरिकन वेलींना भुरी फारसा त्रास देत नाही. तेव्हा पाहू तरी लावून, म्हणून अमेरिकेतून मुळांसकट रोपे मागवली जाऊ लागली. पूर्वी शिडाच्या जहाजाला अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत, आता आगबोट दहाबारा दिवसांत पोचवत होती. पूर्वीच्या लांब प्रवासात मुळांवरची कीड मरून जात असावी आणि आगबोटीने ती जिवंत पोचू लागली, असे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले जाते.

ऱ्होनच्या पश्चिम काठावर, आव्हिन्यों शहराजवळ रोकमोर नावाचे गाव आहे. तिथल्या एका वाइनच्या व्यापाऱ्याने १८६२ साली आपल्या परसात अमेरिकन वेली लावल्या. दुसऱ्याच वर्षी शेजारच्या पुजो गावच्या मळ्यांत एक चमत्कारिक रोग दिसला. भर उन्हाळ्यात पाने पिवळी, मग तांबडी होत, गळून पडत. द्राक्षे पिकत नसत. दोनतीन वर्षांत वेल वाळून जाई. परसातल्या अमेरिकन वेली मात्र हिरव्यागार होत्या. रोग तेलाच्या डागासारखा मधून बाहेर पसरत होता. मेलेली वेल उपटावी तर मुळे काळी, कुजलेली, आणि त्यांवर काहीच नाही. ना बुरशीचे स्पष्ट चिन्ह, ना कीड.

१५ जुलै १८६८ रोजी एरो जिल्ह्याच्या शेतकी मंडळाने नेमलेले तीन जण सँ-रेमी गावाजवळच्या एका मळ्यात आले. गास्तों बाझीय हे बागायतदार (चित्रकार फ्रेदरिक बाझीय याचे हे वडील), फेलिक्स साहूत हे रोपवाटिकावाले, आणि मोंपेलियेचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झ्यूल-एमील प्लांशों. त्यांनी मेलेल्या वेली उकरल्या, नेहमीप्रमाणे काही मिळाले नाही. मग त्यांनी शेजारची, वरून निरोगी दिसणारी वेल उकरली. भिंगाखाली तिच्या मुळांवर पिवळसर ठिपक्यांचे थरच्या थर दिसले. मिलिमीटरभरही लांब नसलेले, मुळात सोंड खुपसून बसलेले ते कीटक होते. सगळे मेलेल्या रोग्याची तपासणी करत होते, आणि मारेकरी तोवर पुढच्या घरी गेलेला होता. या किडीला जिवंत मुळाचा रस लागतो. मूळ कुजू लागले की ती तिथून निघून जाते.

प्लांशोंनी तिला नाव दिले ‘फायलोक्सेरा व्हास्टाट्रिक्स’, म्हणजे उजाड करणारी. आज तिचे शास्त्रीय नाव वेगळे आहे, पण फायलोक्सेरा हेच रूढ झाले. आपल्या मावा किडीच्या नात्यातली ही कीड. उन्हाळाभर मुळांवर सगळ्या माद्याच असतात, आणि त्या नराशिवायच अंडी घालत राहतात. या अनिषेकजननामुळे एका हंगामात पिढ्यांवर पिढ्या होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस काहींना पंख फुटतात आणि त्या वाऱ्याबरोबर पुढच्या मळ्यात जातात.

कारण की परिणाम?

एवढे झाल्यावर प्रश्न मिटायला हवा होता. तसे झाले नाही. पॅरिसमधल्या अनेक विद्वानांचे म्हणणे पडले की कीड हा रोगाचा परिणाम आहे, कारण नव्हे. वेली म्हाताऱ्या झाल्या, जमीन थकली, हवा बिघडली, त्यामुळे वेली अशक्त झाल्या आणि अशक्त वेलीवर कीड आली. हे म्हणणे हास्यास्पद नव्हते, हे लक्षात घ्यावे. दुबळ्या झाडावर कीड लवकर पडते हा शेतकऱ्याचा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय द्राक्षवेली शतकानुशतके काड्यांपासूनच वाढवत आलेल्या. बी पेरून नवी पिढी घ्यायची नाही, त्यामुळे वेलीचा वंशच थकला, असेही काही जण म्हणत.

मग ठरवायचे कसे? प्लांशोंकडचा पहिला पुरावा क्रमाचा होता. डागाच्या कडेला, अजून हिरव्या असलेल्या वेलींवर कीड सर्वांत जास्त असे. म्हणजे कीड आधी, रोग मागून. दुसरा पुरावा अमेरिकेतून आला. मिसुरी राज्याचे कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स व्हॅलेंटाइन रायली यांना फ्रान्समधले वर्णन वाचून शंका आली. अमेरिकेत द्राक्षाच्या पानांवर गाठी करणारी एक कीड १८५५ पासून माहीत होती. तीच ही नव्हे ना? एक पानावर राहणारी, दुसरी मुळावर. पण पानांवरची कीड मुळांवर सोडली तर ती तिथे राहते, हे दोन्ही देशांत करून पाहिले गेले. अमेरिकन वेलींची मुळे खणली तर त्यांवरही ती होतीच. वेली मात्र मरत नव्हत्या.

रायली डार्विनच्या सिद्धांताचे पक्के पुरस्कर्ते होते, आणि या कोड्याचे उत्तर त्यांना तिथेच दिसले. अमेरिकेत ही कीड आणि वेल हजारो वर्षे एकत्र नांदली. जी वेल किडीला बळी पडे ती केव्हाच नष्ट झाली. उरली ती तग धरणारी. कीड टोचते तिथे अमेरिकन वेलीचे मूळ आतून बुचासारखा थर तयार करून जखम बंद करते. युरोपच्या वेलीला या किडीची ओळखच नव्हती. तिच्या मुळावर गाठी येतात, त्या फुटतात आणि जमिनीतले जंतू व बुरशी आत शिरून मूळ कुजते. १८७३ साली प्लांशों स्वतः अमेरिकेला गेले, रायलींना भेटले, आणि कोणत्या जातींची मुळे टिकतात याची माहिती घेऊन परतले.

दरम्यान सरकारने उपाय सुचवणाऱ्याला १८७० साली २०,००० फ्रँकचे बक्षीस लावले, ते १८७४ साली ३,००,००० फ्रँक केले. बक्षिसाची रक्कम वाढली की कल्पनांचे काय होते हे वेगळे सांगायला नको. मोंपेलियेजवळच्या चाचणीच्या मळ्यात तऱ्हेतऱ्हेचे काढे, राखा आणि अर्क ओतले गेले. प्रत्येक वेलीखाली एक जिवंत बेडूक पुरावा, तो विष ओढून घेईल, असेही एकाने सुचवले होते.

कामाचे निघाले ते मोजकेच. लुई फोकों यांनी हिवाळ्यात सुमारे चाळीस दिवस मळा पाण्याखाली बुडवून ठेवला आणि कीड गुदमरून मेली. पण त्याला सपाट जमीन आणि मुबलक पाणी हवे. एग-मोर्तजवळ समुद्रकाठच्या वाळूत लावलेल्या वेलींना कीड लागत नाही असे दिसले, कारण वाळूत किडीला मुळांपर्यंत पोचण्याच्या वाटाच टिकत नाहीत. एरवी ज्या पुळणीला कोणी विचारले नसते तिला भाव आला. तिसरा उपाय कार्बन डायसल्फाइडचा. मोठ्या पिचकारीने हा द्रव वेलीच्या बुडाशी जमिनीत सोडायचा. कीड मरे, मात्रा चुकली तर वेलही मरे. द्रव ज्वालाग्राही, वाफ विषारी, आणि दरवर्षी पुन्हा खर्च. बोर्डोच्या श्रीमंत मळेवाल्यांना तो परवडला, चारदोन एकरांच्या शेतकऱ्याला नाही. या काळात असंख्य छोटे शेतकरी देशोधडीला लागले, कित्येक अल्जीरियात जाऊन स्थायिक झाले. १८७५ साली फ्रान्समध्ये ८४५ कोटी लिटर वाइन झाली होती, १८८९ साली झाली २३४ कोटी लिटर.

कलमाचा मार्ग

उरला अमेरिकन मुळांचा मार्ग. नुसती अमेरिकन वेल लावून भागण्यासारखे नव्हते. तिच्यातल्या लाब्रुस्का वंशाच्या द्राक्षांना एक उग्र, गोडसर वास असतो. दक्षिणेतल्या बंगलोर ब्ल्यू द्राक्षाला येतो तोच. त्याची वाइन फ्रेंच माणसाच्या गळ्याखाली उतरेना. तेव्हा खुंट अमेरिकन आणि वरची काडी फ्रेंच, अशी कल्पना पुढे आली. बाझीय आणि बोर्डोचे लालिमाँ यांनी ती १८६९ च्या सुमारासच मांडली होती. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसचे कलम बांधतात आणि फळ हापूसच येते, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. फळ ठरते ते वरच्या काडीच्या जनुकांवर. पण ‘जनुक’ हा शब्दही तेव्हा अस्तित्वात नव्हता, आणि अमेरिकन मुळांतून तो वास वर चढेल ही भीती खरीखुरी होती. औषधवाले आणि अमेरिकावाले असे दोन तट पडले. बर्गंडीच्या सरकारी अधिकाऱ्यांनी तर १८८७ पर्यंत अमेरिकन वेली आणण्यावर बंदी घातली होती. शेतकरी चोरून आणत.

लांगदोकच्या सपाटीवर मात्र मोंपेलियेच्या शेतकी शाळेने कलमे बांधण्याचे वर्ग भरवले, आणि मिसुरीतून लक्षावधी काड्या आल्या. तिथे नवी अडचण उभी राहिली नाही. ती राहिली चुनखडीच्या जमिनीत. रिपारिया आणि रुपेस्ट्रिस जातींचे खुंट चुनखडीत लोह शोषू शकत नाहीत, पाने पिवळी पडतात, वेल खुरटते. मग १८८७ साली मोंपेलियेचे पिएर व्हियाला अमेरिकेला गेले. टेक्सासमधल्या डेनिसन गावचे द्राक्षतज्ज्ञ थॉमस मन्सन यांनी त्यांना टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर रानटी वाढणारी बर्लँडिएरी ही जात दाखवली. ती चुनखडी सोसत होती, पण तिच्या काड्यांना मुळे फुटत नव्हती. म्हणून तिचे इतर जातींशी संकर करावे लागले, आणि आजचे अनेक खुंट त्या संकरांचीच संतती आहेत. लालिमाँ यांना बक्षीस मात्र मिळाले नाही. त्यांनीच अमेरिकन वेली आणून रोग आणला असा आरोप त्यांच्यावर झाला. ते मोठे बक्षीस शेवटपर्यंत कोणालाच दिले गेले नाही. प्लांशोंचा पुतळा मोंपेलियेच्या स्टेशनासमोरच्या बागेत आहे.

उपायाच्या पोटात पुढचा रोग होता. खुंटांसाठी आणलेल्या अमेरिकन काड्यांबरोबर ‘केवडा’ आला, १८७८ साली तो फ्रान्समध्ये आढळला. १८८२ च्या शरदात मेदोकमधल्या सँ-झ्युलियें गावी बोर्डोचे प्राध्यापक मियार्दे यांना एक गोष्ट दिसली. सगळीकडे केवड्याने पाने झडलेली, रस्त्याकडेच्या ओळी मात्र हिरव्या. येणाऱ्याजाणाऱ्याने द्राक्षे तोडू नयेत म्हणून त्या ओळींवर मोरचूद आणि चुन्याचे निळे पाणी शिंपडले होते! तीन वर्षांच्या प्रयोगांनंतर, १८८५ साली, मियार्देंनी त्याचे प्रमाण जाहीर केले. नाशिक-सांगलीकडे आजही फवारतात ते ‘बोर्डो मिश्रण’ हेच. चोर पळवायच्या पाण्याचे औषध झाले, पण ते दिसायला तिथे केवडा ओळखणारा माणूस यावा लागला. महाराष्ट्रातल्या बागांशी या हकिकतीचा आणखी एक धागा आहे. खारे पाणी आणि अवर्षण सोसावे म्हणून आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा ‘डॉगरिज’ खुंट टेक्सासचाच. डॉगरिज हे तिथल्या बेल परगण्यातल्या एका टेकाडाचे नाव आहे.

नवी लागवड जुन्यासारखी झाली नाही, हे फारसे सांगितले जात नाही. बर्गंडीत पूर्वी वेलीची फांदी जमिनीत दाबून, दाब कलमाने, नवी वेल करत. त्यामुळे मळा म्हणजे ओळी नसलेली दाट गर्दी असे, हेक्टरी वीस हजारांहून अधिक वेली. कलमी वेलीला असे दाबता येत नाही, कारण दाबलेल्या फ्रेंच फांदीला फ्रेंचच मुळे फुटणार आणि कीड ती खाणार. म्हणून रोपे ओळीत आली, हेक्टरी साधारण दहा हजार, आणि ओळींमधून घोड्याचा नांगर फिरू लागला. पर्यटक ज्या रेखीव ओळींचे ‘प्राचीन परंपरा’ म्हणून फोटो काढतात त्या फायलोक्सेरानंतरच्या आहेत.

लांगदोकमध्ये लोकांनी टेकड्यांवरचे जुने मळे सोडून सपाटीवर आरामों ही भरघोस, पण पाणचट द्राक्षे देणारी जात लावली. वाइन महाग होती तेव्हा व्यापाऱ्यांनी मनुका भिजवून आणि चोथ्यात साखरपाणी घालून ‘वाइन’ करायची सवय लावून घेतली होती. उत्पादन परत वाढले तरी ती सवय गेली नाही. भाव कोसळले. १९०७ साली मार्सेलें आल्बेर या छोट्या शेतकऱ्याच्या पुढारीपणाखाली लांगदोक पेटून उठला. ९ जूनला मोंपेलियेत पाच लाखांहून अधिक माणसे जमली. नारबॉनला सैन्याने गोळीबार केला, माणसे मेली, आणि स्थानिक तरुणांच्या एका पलटणीने बंडच केले. त्याच महिन्यात सरकारने भेसळीविरुद्ध कायदा केला. गावाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला हद्द, जाती आणि पद्धत यांचे नियम असावेत ही मागणी यातूनच जोर धरत गेली, आणि १९३५ साली तिला कायद्याचे पक्के रूप आले. त्या नियमांचा पहिला महत्त्वाचा कित्ता १९२३ च्या सुमारास शातोनफ-द्यु-पापच्या बागायतदारांनी घालून दिला होता. शातोनफ हे ऱ्होनच्या पूर्व काठावर, अगदी रोकमोरसमोर. बाटलीवरचे गावाचे जुने नाव खरेच जुने आहे, त्यामागचा कायदा मात्र या संकटाचे अपत्य आहे.

काही गोष्टी परत आल्या नाहीत. बोर्डोतली कार्मेनेर ही काळी द्राक्षे फळधारणेला बेभरवशाची, म्हणून नव्या लागवडीत बहुतेकांनी ती वगळली आणि फ्रान्समधून ती जवळपास नाहीशी झाली. १९९४ साली मोंपेलियेचे वेलतज्ज्ञ झाँ-मिशेल बूर्सिको चिलीतल्या मळ्यात मेर्लोच्या वेली पाहत होते, त्यांतल्या बऱ्याच वेली त्यांना कार्मेनेरच्या असल्याचे आढळले. फायलोक्सेरा येण्याआधी बोर्डोतून चिलीला गेलेल्या काड्यांचे ते वंशज. चिलीत ही कीड पोचलेली नाही.

कीड इतरत्र आहेच. तिच्यावर जालीम औषध आजही नाही, आहे तो फक्त खुंट. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियात हजारो एकर बागा पुन्हा उपटाव्या लागल्या, कारण तिथला लाडका खुंट आरामों आणि रुपेस्ट्रिसचा संकर होता, म्हणजे अर्धा युरोपीय. फ्रेंचांनी त्याचा धोका फार पूर्वी ओळखला होता.

बर्गंडीच्या व्होन गावात रोमाने-काँती नावाचा दोन हेक्टरांहूनही लहान मळा आहे. त्याची वाइन जगातल्या सर्वांत महागड्या वाइनपैकी एक. त्याच्या मालकांनी कलमाला ठाम नकार दिला आणि वर्षानुवर्षे कार्बन डायसल्फाइड टोचून जुन्या वेली जगवल्या. दुसऱ्या महायुद्धात औषधही मिळेना, मजूरही मिळेनात. १९४५ साली त्या वेलींनी दिली ती जेमतेम सहाशे बाटल्या वाइन. त्यानंतर त्या उपटल्या गेल्या. १९४७ साली मळ्यात पिनो न्वारची नवी लागवड झाली, अमेरिकन खुंटांवर. १९४६ ते १९५१ या वर्षांची रोमाने-काँती अस्तित्वात नाही. १९५२ पासून ती पुन्हा मिळू लागली, त्याच नावाने.